एफीची ढांग

सॉल्टर्स नेक, लाँग आयलंड
ता. ८ मार्च १८९६

ती. एफीताईस,
गिबीचे शि. सा. न. वि. वि.

तुझं जानेवारीचं पत्र बर्फात अडकून अडकून परवा एकदाचं पोचलं. मी ते तीनदा वाचलं आणि मग उशाशी ठेवलं. आता हसू नकोस.

बातमी मोठी आहे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी झुडपं तोडून नऊ होलचं गोल्फचं मैदान केलं, ते तुला ठाऊकच आहे. आता क्लबच्या मंडळींना अठरा हवेत आणि तेही असे की अजिंक्यपदाचे सामने इथे व्हावेत. क्लबचे अध्यक्ष श्री. व्हॅन डोरेन मला म्हणाले की टॉड, तुमच्या देशातलं अस्सल मैदान मला इथे वाळूवर उभं करून दे. मी म्हणालो की मला एकच मैदान पाठ आहे, आमच्या किनकॅरोचं. ते म्हणाले, मग तेच कर.

आता माझी पंचाईत ऐक. बाबांची मापांची वही मी येताना बोटीत भिजवली. शाई सगळी वाहून गेली. तुला सांगायचं धाडस दोन वर्षं झालं नाही. उतार, खळगे, टेकाडं सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे, पण अंतरं नाहीत. म्हणून तुझ्याकडे आलोय. बाबा लोकांना काय सांगायचे आठवतं ना? तीस वर्षं मैदान राखलं पण मोजायची साखळी कधी विकत घेतली नाही, घरात एफी आहे म्हणायचे. तुझी ढांग म्हणजे बरोब्बर एक वार. कापडवाल्याच्या गजाशी त्यांनी ताडून पाहिली होती. तर ताई, पुन्हा एकदा अठराही होल ढांगा टाकून मोजशील का? तू म्हणशील तेवढे वार मी इथे डोळे मिटून धरीन.

आणि दुसरं. मैदान झालं की क्लब मला दोन खोल्यांचं घर देणार आहे. एक खोली तुझी. आईबाबा गेल्यावर तुला तिथे कोण आहे? मला इथे कोण आहे? इथे सगळे मला टॉड म्हणतात. दोन वर्षांत एका माणसाने मला गिबी म्हणून हाक मारलेली नाही. तू ये.

माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढीच विनंती.

तुझा
गिबी


किनकॅरो, फाइफ
ता. १९ एप्रिल १८९६

चि. गिबी यास,
अ. उ. आ.

बाबांची वही भिजवलीस! ते असते तर तुझा कान उपटून हातात दिला असता. दोन वर्षं दडवून ठेवलंस ते वेगळंच. तुझं पोट म्हणजे विहीर आहे की काय?

असो. मापं सोबतच्या कागदावर आहेत. रोज तीन याप्रमाणे सहा दिवस लागले. वाऱ्याचे दिवस टाळले आणि सावकाश मोजलं, तेव्हा चूक काढू नकोस. पहिल्या दिवशी कपडे वाळत घालणाऱ्या बायका माझ्याकडे बघून खिदळल्या, म्हणाल्या की एफीला या वयात गोल्फचं वेड लागलं. मी त्यांना सांगितलं की माझा भाऊ समुद्रापार किनकॅरो बांधतोय, त्याला तुमच्या चादरीसुद्धा पाठवून देऊ का? मग गप्प बसल्या. चौथ्या दिवशी दोन खेळणारे ओरडले, बाई, बाजूला व्हा. मी झाले नाही. बाबांनी तीस वर्षं राखलेली जमीन आहे, यांच्या काकाची नव्हे.

माझं बरं चाललंय. धक्क्यावर हेरिंग मासे साफ करायला जाणं सोडलं. मिठाने बोटं फुटतात आणि तिथल्या पोरींच्या कलकलाटाने डोकं उठतं. आता घरीच जाळी दुरुस्त करते. बसल्या जागी काम, सोबतीला खिडकी. राणीलासुद्धा याहून काय हवं असतं?

तिकडे यायचं म्हणतोस, पण माझ्या कोंबड्या कोण बघणार? आणि मला बोट लागते, हे तुला माहीत आहे. शेजारच्या जेनेटचा नवरा रॉबर्ट गेला होता की मोठ्या ऐटीत. त्याचा एक पाय जरा आखूड आहे ना, तर बंदरावरच्या डॉक्टरने त्याच्या कोटावर खडूने खूण केली आणि आल्या बोटीने परत धाडला. विकायच्या मेंढरांवर करतात तशी खूण! असला देश तुझा तुलाच लखलाभ.

ओटची पेज घेतोस ना सकाळी? तिकडचं गोडधोड खाऊन दात घालवू नकोस. तुझ्या पत्राची वाट पाहणारी

तुझी ताई
एफी


सॉल्टर्स नेक
ता. २ नोव्हेंबर १८९६

ती. एफीताईस,
शि. सा. न. वि. वि.

मैदान झालं. तुझा कागद मी हातात धरून होतो आणि त्याबरहुकूम खुंट्या ठोकत गेलो. साठ आयरिश आणि इटालियन मजूर, बारा घोडे, चार महिने. घोड्यांच्या टापांना चामड्याचे बूट शिवून घातले, नाहीतर नवी हिरवळ फाटली असती. कोवळ्या गवतावर अशी माया जडते की मी सकाळी उठून हात लावून बघतो. ऑगस्टच्या उन्हाने अर्धं जाळलं. आपल्याकडे कोणी गवताला पाणी घालतं का? पाऊस असतोच. मी वेड्यासारखा पावसाची वाट बघत बसलो आणि दहा दिवसांत सात होलांभोवतालच्या हिरवळी पिवळ्या पडल्या. मग बादल्यांनी पाणी वाहिलं. आता धरलंय.

एक गंमत सांगतो. इथे चेंडू घरच्यासारखा उडत नाही. किनकॅरोला तिसऱ्या होलवर मी दुसऱ्या टोल्यात हिरवळीवर असायचो. इथे तीन टोले मारूनही कमी पडतो. हवा दमट आहे, किंवा माझे खांदे म्हातारे झाले. चाळिशी जवळ आली म्हणायची.

क्लबची इमारत भव्य झाली आहे. मी आत जाऊन पाहिली नाही. आम्हा पगारी लोकांना पुढच्या दाराने जायचं नाही, असा इथला रिवाज. जेवण स्वयंपाकघराच्या मागल्या पायरीवर मिळतं. आयरिश आचारीण चांगली आहे, ताट भरून देते, पण तिला तिची कामं असतात. किनकॅरोला मैदान सगळ्या गावाचं. धोबिणी, कुत्री, पाद्री, सगळे त्यातून जातात. इथे कुंपण आहे. संध्याकाळी मंडळी घोडागाड्यांतून निघून गेली की मैलभर मी एकटा असतो. ताई, मी कधी कधी होलांशी मोठ्याने बोलतो.

घराच्या दोन खोल्या मिळाल्या. तुझ्या खोलीला समुद्राकडची खिडकी आहे. कोंबड्या जेनेटला दे. वसंतात निघ. बोट आता आठ दिवसांत येते, आठ दिवस ओकलीस तरी मरणार नाहीस.

उत्तर होकारार्थीच हवं, असा हट्ट धरून बसलेला

गिबी


किनकॅरो
ता. १० जानेवारी १८९७

चि. गिबी यास,
अ. उ. आ.

होलांशी बोलतोस? ते उलटून बोलायला लागले की कळव, मग डॉक्टर पाठवते.

खरं सांगू का, वाचून बरं नाही वाटलं. तू एक लग्न का करत नाहीस? ती ताट भरून देणारी आचारीण विधवा आहे का, ते आधी विचार. कॅथलिक असेल, असू दे. बाबांच्या कबरीवर जाऊन मी त्यांची समजूत घालीन. तुझ्या त्या दुसऱ्या खोलीत बहिणीपेक्षा बायको शोभेल.

मी येत नाही. कोंबड्यांचं सोड, कोंबड्या गेल्या महिन्यात कोल्ह्याने नेल्या. पण इथे चर्चमध्ये माझी ठरलेली जागा आहे, आईची कबर आहे, घर उघडं टाकलं तर वाळू आत येते. या वयात मला नवं गाव नको. दुरून डोंगर साजरे, तशीच तुझी अमेरिका मला पत्रातून छान दिसते. रागावू नकोस. रागावलास की तुझं नाक लाल होतं, हे मला इथून दिसतं.

थंडी फार आहे. बाहेर पडणं होत नाही. जाळी भरपूर आली आहेत, हात रिकामा नसतो. रात्रीचं म्हणशील तर लवकर निजते.

लोकरीचे मोजे पाठवले आहेत. पायांना ऊब दे आणि बहिणीला शिव्या देऊ नकोस.

तुझी ताई
एफी


सॉल्टर्स नेक
ता. १५ मे १८९८

ती. एफीताईस,
न. वि. वि.

गेल्या वर्षभरात मी तुला दोनच पत्रं लिहिली आणि तीही चार ओळींची, हे मला माहीत आहे. मोजे मिळाले होते.

येत्या सप्टेंबरात अजिंक्यपदाचे सामने इथे होणार, हे ठरलं. कमिटीचे लोक येऊन मैदान पाहून गेले. म्हणाले की इतकी सगळी मैदानं पाहिली पण सगळी बुटकी. अजिंक्यवीराची परीक्षा घेईल असं लांबलचक हे एकच. वर्तमानपत्रात लेख आला आहे. त्यात लिहिलंय की श्री. टॉड यांनी मोठ्या चातुर्याने दर तिसरा होल राक्षसी केला आहे. खेळणारा दोन होल खेळून सैलावतो न सैलावतो तोच त्याची मान धरली जाते. इथे आता म्हणच पडली आहे, तीनच्या पाढ्यातला होल आला की टोपी काढून देवाचं नाव घ्या. मी कसलं चातुर्य केलंय? मी फक्त किनकॅरो उतरवून काढलं. पण व्हॅन डोरेनसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, तेव्हा मी तोंड मिटून ती थोपटून घेतली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तुला मात्र एक विचारायचं आहे. दोन वर्षांत तू मला चार कारणं सांगितलीस. बोट लागते, कोंबड्या, कबर, वाळू. त्यातलं एकही कारण खरं वाटत नाही. तुला माझ्याकडे यायचंच नसेल तर तसं सरळ लिही. मी लहान असताना तू मला पाठीवर घेऊन मैदानभर फिरायचीस. त्या एफीला माझा कंटाळा आला असेल असं वाटत नाही, पण दुसरं काय समजू? दुसरी खोली मी रिकामी ठेवली होती. आता तिथे अवजारं ठेवली आहेत.

कळावे.

गिबी


किनकॅरो
ता. १२ जून १८९८

चि. गिबी यास,
अ. उ. आ. आणि वर एक चापट.

अजिंक्यपदाचे सामने! मी जेनेटला हाक मारून वर्तमानपत्राचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. तिने तो धक्क्यावर सांगितला, तिथून चर्चमध्ये गेला. आता पाद्रीसाहेब म्हणतात की गिल्बर्ट टॉड आमच्या गावचा. लहानपणी तू त्यांच्या सफरचंदांवर डल्ला मारायचास, तेव्हा कोणाचा होतास ते विसरले वाटतं. बाबा असते तर नुसते खिडकीत जाऊन उभे राहिले असते आणि पाठमोरे डोळे पुसले असते.

तुझा कंटाळा मला आला असं पुन्हा लिहिलंस तर याद राख. अवजारं त्या खोलीत ठेवलीस ते चांगलं केलंस. गंजू देऊ नकोस.

वॉटी डफ सामन्यांसाठी तिकडे येतोय. हो, सुताराचा वॉटी. आता मोठा खेळाडू झालाय. परवा भेटायला आला होता, मी खिडकीतूनच बोलले, घर आवरलेलं नव्हतं. त्याच्याबरोबर तुझ्यासाठी मुरंब्याची बरणी दिली आहे. वाटेत त्याने खाल्ली तर मला कळव.

जिंकलास काय, हरलास काय, आमचा तूच अजिंक्य.

एफी


सॉल्टर्स नेक
ता. २५ सप्टेंबर १८९८, रविवार

ती. एफीताईस,
गिबीचे शि. सा. न. तुझ्या पायांवर डोकं ठेवून.

सामने शुक्रवारी संपले. एक इंग्लिश माणूस जिंकला. वॉटी चौथा आला, मी नववा. बरणी त्याने अर्धी खाल्ली.

हे पत्र त्याबद्दल नाही. नीट वाच आणि मधेच ठेवून देऊ नकोस.

काल रात्री वॉटी आणि मी मागल्या पायरीवर बसून जेवलो. तो म्हणाला की गिबी, मैदान फर्मास केलंस, पण याला किनकॅरो का म्हणतोस? उतार तेच, खळगे तेच, पण लांबी कुठली? आपल्याकडचा सहावा मी लोखंडी काठीने एका टोल्यात गाठतो, तुझ्या सहाव्यावर मला सगळ्यात मोठी काठी काढावी लागली आणि तरी पोचलो नाही. मी त्याला उडवून लावलं. म्हणालो, एफीने मोजलंय, आणि एफीची ढांग म्हणजे वार, तुझ्या बापालाही विचार. त्याने खिशातून एक छापील पत्रक काढून दिलं. गेल्या वर्षी गावच्या मंडळाने साखळी आणून सगळं मैदान मोजलं, म्हणाला, यात बघ.

आज सकाळी सगळे गेल्यावर मी ते पत्रक आणि तुझा एप्रिल शहाण्णवचा कागद शेजारी शेजारी ठेवला. पहिला होल, साखळीने तीनशे वार. तू लिहिलेस तीनशे अठरा. दुसरा दोनशे चाळीस, तू लिहिलेस दोनशे ऐंशी. तिसरा तीनशे तीस. तू लिहिलेस चारशे बत्तीस.

मला वाटलं तू मोजताना चुकलीस. मग चौथा पाहिला. तो पुन्हा जवळपास बरोबर. पाचवा थोडा लांब. सहावा भलताच लांब. सातवा परत बरोबर. ताई, मी मूर्ख आहे, मला तिथवर येईस्तोवर कळलं नाही. रोज तीन मोजले, असं तूच लिहिलं होतंस. रोजचा पहिला होल ठीक, दुसऱ्यावर तुझी ढांग आखूड होते, तिसऱ्यावर ती ढांग राहतच नाही. शेवटच्या दिवशीचा अठरावा साखळीने तीनशे बारा वार आहे. तू तो चारशे सदतीस पावलांत चाललीस. म्हणजे एकेका पावलाला सव्वादोन फूटसुद्धा नाही. तुझी उंची असलेली बाई अशी कधी चालते, ते मला कळतं.

मी वॉटीची बग्गी गाठायला स्टेशनपर्यंत पळत गेलो. गाडी सुटायची होती. खिडकीशी उभा राहून त्याला विचारलं की एफीच्या पायाला काय झालंय. तो म्हणाला, तुला ठाऊक नाही? धक्क्यावर पडली, तू इकडे आलास त्याच हिवाळ्यात. कमरेचं हाड नीट सांधलंच नाही. सगळ्या गावाला तिने शपथ घातली आहे की गिबीला लिहायचं नाही.

मग मी परत आलो आणि सगळं मैदान चाललो. तिसरा, सहावा, नववा, बारावा, पंधरावा, अठरावा. लोक ज्यांना राक्षस म्हणतात ते. वर्तमानपत्राने ज्यांचं चातुर्य म्हणून माझं नाव छापलं ते. तुझं एकेक पाऊल मी वार धरून जमिनीत पुरलं आणि वर गवत लावलं. साठ मजुरांना मी ओरडून सांगायचो की इंचाचाही फरक नको, माझ्या बहिणीचं माप आहे. अठराव्यावर मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. कोणी बघायला नव्हतं, ते एक इथे बरं आहे.

रॉबर्टची आणि खडूच्या खुणेची गोष्ट तू मला का लिहिली होतीस, तेही आज कळलं. तुला इथे कोणी उतरूच दिलं नसतं. आणि मी तुला विचारत होतो की माझा कंटाळा आला का. ते पत्र तुझ्याकडे असेल तर जाळून टाक.

आता माझं ऐक. क्लब मला आणखी पाच वर्षांसाठी ठेवून घ्यायचं म्हणतो. तीन वर्षांनी अजिंक्यपदाचे सामने पुन्हा इथे व्हायचा संभव आहे. ऑक्टोबरअखेर मला सही करायची आहे. मी इथे राहिलो तर माझं नाव होईल हे खरं आहे, आणि हे मैदान सोडताना मला फार जड जाईल हेही खरं आहे. खोटं बोलून तुला फसवणार नाही. किनकॅरोला माझ्यासाठी काय काम असेल, मला माहीत नाही. पण तू ये म्हणालीस तर मी सही करणार नाही. तू नको म्हणालीस तर करीन. तुझा शब्द मी आजवर वार म्हणूनच धरत आलो. एकदाच, ताई, खरं माप लिही.

उत्तराकडे डोळे लावून,

तुझा
गिबी


किनकॅरो
ता. ९ ऑक्टोबर १८९८

चि. गिबी यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र बुधवारी आलं. गुरुवारी तुला एक झकास उत्तर लिहून ठेवलं होतं. त्यात वॉटीला पोटात काही राहत नाही म्हणून शिव्या होत्या, पाच वर्षांची नोकरी म्हणजे सोन्याहून पिवळं असं होतं, आणि रडायला तू काय कुकुलं बाळ आहेस का, असंही होतं. जेनेट ते टपालात टाकायला घेऊन निघाली. ती कोपऱ्यावर पोचेपर्यंत मी खिडकीतून हाका मारून तिला परत बोलावलं. ती म्हणाली, तुझं डोकं ठिकाणावर आहे का. मी म्हणाले, नाही.

खरं माप हवं ना, तर घे. धक्क्यावर बर्फ होतं, टोपली हातात होती, पडले. तेव्हा तुला कळवलं असतं तर तू पहिल्या बोटीने परत आला असतास आणि जन्मभर दुसऱ्यांच्या काठ्या घासत बसला असतास. म्हणून नाही कळवलं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. मैदान बांधून झालं ना? मग.

मापांचं म्हणशील, तर मी तुला मुद्दाम फसवलं नाही रे. मी काठी टेकत आकडे मोजत गेले, पावलं आखूड पडताहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुखत होतं तेव्हा नुसतं पुढच्या निशाणाकडे बघायची. आणि ऐक, त्या सहा दिवसांवर तू असा गळा काढू नकोस. ते माझे चांगले दिवस होते. कामाला म्हणून घराबाहेर पडले होते, लोक थांबून विचारत होते, मी सगळ्यांना तुझं नाव सांगत होते. त्यानंतर मी तेवढ्या लांब कधी गेले नाही. चर्चमध्ये माझी जागा आहे असं तुला लिहिलं, तिथे आता दुसरी कोणी बसते. दीड वर्ष झालं, मी तिथवर पोचत नाही. जेनेट सकाळी विस्तव पेटवून जाते, संध्याकाळी येते. मधला सगळा दिवस माझा असतो. जाळ्यांशी मीही बोलते, गिबी. तुला हसले होते ना मी, ते घरात बसून, मोठ्याने, एकटीच.

मी तुला कधी काही मागितलं नाही. मागायची मला सवय नाही, थोरल्या बहिणीने मागू नये असं आई म्हणायची. पण तुझ्या नोकरीपुढे, तुझ्या नावापुढे, सगळ्यापुढे आज मला माझं पुढे करायचं आहे. मला एकटीला फार झालं आता. सही करू नकोस. ये.

तू पोचशील तेव्हा दिवसाची वेळ असली आणि जेनेट नसली, तर एक लक्षात ठेव. दार ठोठावलंस आणि लगेच उघडलं नाही, म्हणून घरात कोणी नाही असं समजून परत फिरू नकोस. मला उठून दारापर्यंत यायला फार वेळ लागतो. तेवढा थांब.

तुझी वाट पाहणारी, आणि आता ते कबूल करणारी

तुझी ताई
एफी